साक्षी की बघ्या?

नित्य घडणाऱ्या गोष्टींचा विचार करण्याची आपल्याला सवय नसते. काशीयात्रा घडली तर मनुष्य जन्मभर तिचे वर्णन करतो. परंतु रोज सकाळी रेल्वेने शाळेस जाणे आणि सायंकाळी परत येणे, याला कोणी प्रवास म्हणतच नाही. त्याला नुसते ‘जाणे-येणे’ म्हणतात. वस्तुतः हिशेब मांडला तर थक्क व्हावे लागते. हुबळी ते धारवाड हे अंतर सुमारे २० किलोमीटरांचे. जो विद्यार्थी वर्षातून २०० दिवस ते जाऊन-येऊन कापतो, त्याचे वर्षाकाठी ८,००० किलोमीटर होतात. म्हणजे काश्मीरपासून कन्याकुमारीस जाऊन परत येण्याइतके. एवढा प्रवास करून त्याने काय पाहिले, असे त्याला कोणी विचारीत नाही. तो प्रश्न येथे विचारावयाचा आहे. आणि त्याच्या पोटात दुसराही एक प्रश्न आहे, तो अधिक अवघड आहे: जे पाहिले, त्याचे काही देणे आपल्यावर लागते काय?

आमचे गाव उणकल. येथून धारवाडास जाताना वाटेत अमरगोळ आणि नवलूर ही दोनच स्थानके लागतात. मासिक पास काढून जे विद्यार्थी या मार्गाने गेले, त्यांना या अल्प अंतरात केवढा पालट घडतो हे ठाऊक आहे. हुबळीकडची काळी, कापसाची जमीन मागे पडत जाते, चढ लागतो, माती तांबूस होऊ लागते, नवलूरच्या आसपास पेरूच्या बागा दिसतात, आणि धारवाड आले की हवेतच गारवा जाणवतो. पूर्वेचा सपाट मुलूख आणि पश्चिमेचे मलेनाडू यांच्या सीमेवर ही दोन शहरे वसली आहेत. ज्येष्ठात कुरीमागून चालणारी माणसे दिसावीत, श्रावणात मुगाचे शेत हिरवेगार व्हावे, पौषात शाळवाची कणसे भरून यावीत. शीगी हुण्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागरीला, शेतकऱ्यांची कुटुंबे बैलगाडीतून रानात येऊन उभ्या पिकाची पूजा करतात आणि नैवेद्य शिवारभर शिंपतात, तेही खिडकीतून दिसावे. हे सर्व आम्ही पाहिले आणि त्याने आम्हांस आनंद झाला, हे निःसंकोच सांगितले पाहिजे. १९६२ साली हुबळी आणि धारवाड यांची एकच महानगरपालिका झाली. तेव्हापासून या दोन शहरांमधील मोकळी जागा घरांनी भरत आली आहे. तरीही जे शिवार उरले आहे, ते डोळे निववण्यास पुरेसे आहे.

आता या आनंदावर वडीलधाऱ्यांचे दोन आक्षेप असतात. पहिला व्यवहाराचा: विद्यार्थ्याने गाडीत पुस्तक उघडावे, खिडकीबाहेर पाहून काय मिळते? या आक्षेपास फारसे उत्तर देण्याचे कारण नाही. पुस्तकही वाचावे आणि बाहेरही पाहावे, वीस किलोमीटरांत दोहोंस वेळ मिळतो. दुसरा आक्षेप मात्र परमार्थाचा असून तो सहज उडवून लावण्याजोगा नाही. डोळा हे इंद्रिय आहे, रूप हा त्याचा विषय आहे, आणि विषयांचे चिंतन आसक्तीत कसे परिणत होते, हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायाने पायरीपायरीने दाखविले आहे. मग सुंदर शिवार पाहून सुखावणे आणि सुंदर वस्त्र पाहून लोभावणे यांत अंतर ते काय?

आमच्या मते अंतर आहे, आणि ते गाडीच्या गतीनेच शिकविले आहे. वस्त्र दुकानात टांगलेले असते. ते आपल्यासाठी थांबते. म्हणून त्याचा लोभ जडतो. खिडकीतले झाड थांबत नाही. ते आवडले, असे मनात येईपर्यंत ते गेलेले असते. त्याला हातात घेता येत नाही, घरी नेता येत नाही, शेजाऱ्यास दाखवून मिरविता येत नाही. एवढेच नव्हे, तर समोरच्या बाकावरील प्रवाशानेही तेच झाड पाहिले म्हणून आपल्या वाट्याचे कमी होत नाही. ज्या सुखाची वाटणी करताना कोणाचा वाटा घटत नाही आणि जे साठविता येत नाही, त्या सुखात लोभाला पाय रोवण्यास जागाच उरत नाही. मुण्डकोपनिषदात एकाच वृक्षावरील दोन पक्ष्यांचे रूपक आहे. त्यांतला एक फळ खातो, दुसरा न खाता केवळ पाहतो. वेदान्ती या दुसऱ्या पक्ष्यास साक्षी मानतात. फळ न खाता वृक्षावर राहता येते, ही गोष्ट पोथीत वाचून पटणे कठीण. परंतु नवलूरच्या पेरूच्या बागेजवळून जो विद्यार्थी रोज जातो आणि एकही पेरू न तोडता तृप्त होतो, त्याला ती थोडीबहुत उमगते.

गाडीने आणखीही एक धडा दिला आहे. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात, कर्मात अकर्म कसे पाहावे हे समजावताना, नावेत बसलेल्या माणसाचा दृष्टान्त येतो. त्याला काठावरची झाडे वेगाने पळताना दिसतात. खरे पाहता ती जागच्या जागी असतात. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या दृष्टान्ताचा पडताळा पाहण्यास आज नाव लागत नाही. पासधारी विद्यार्थ्यास तो रोज मिळतो. त्यातही एक बारकावा आहे. रुळांलगतचे खांब आणि बाभळी झपाट्याने मागे जातात. जरा दूरचे शेत सावकाश सरकते. क्षितिजावरचा डोंगर जवळजवळ स्थिर असतो. आणि चंद्र तर आपल्याबरोबरच चालत आहे असे वाटते. जे डोळ्यांस जितके जवळ, ते तितके चंचल. जे जितके दूर, ते तितके स्थिर. आजची चिंता खांबासारखी अंगावर येते आणि जाते. ज्याची दृष्टी खांबांवरच खिळते त्याला भोवळ येते. ज्याने ती दूरच्या डोंगरावर ठेवली, त्याचे चित्त स्वस्थ राहते. परीक्षेच्या दिवसांत या अनुभवाचा आम्हां मुलांना मोठाच आधार होता.

येथे पाश्चात्य विचारवंतांपैकी एकाचा उल्लेख केला पाहिजे, कारण त्याचे मत आमच्या विरुद्ध आहे. जॉन रस्किन याने १८४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथात रेल्वेवर कठोर टीका केली. त्याचे म्हणणे असे की, रेल्वे माणसाला प्रवासी राहू देत नाही. त्याचे जिवंत गाठोडे करून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचविते. पायी चालणाऱ्यास जे दिसते, ते गाडीतल्यास दिसत नाही, हे त्याचे म्हणणे आपल्याकडील वारकरीही मान्य करील. आळंदीहून पंढरपुरास पायी जाणारा मनुष्य वाटेतल्या प्रत्येक गावचे पाणी पितो. रेल्वेने जाणारा गावांची नावेही वाचू शकत नाही.

परंतु रस्किनच्या डोळ्यांपुढे एकदाच जाणारा प्रवासी असावा. नित्य जाणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. जे गतीने हिरावले जाते, ते पुनरावृत्तीने परत मिळते. पहिल्या दिवशी दिसते ते नुसते हिरवे रान. दहाव्या दिवशी त्यातले एक चिंचेचे झाड ओळखीचे होते. वर्षभराने त्या झाडाखाली कोण विसावतो, विहिरीचे पाणी किती खाली गेले, कोणत्या घरावर नवे पत्रे आले, हे सर्व न विचारता कळू लागते. देवळातील नित्यपूजा ज्या घरात चालते, त्या घरात वाढलेल्यांना हे सांगावे लागत नाही. आमचे तीर्थरूप त्याच मूर्तीस त्याच वेळी तेच स्नान घालतात. नवख्या माणसास त्यात एकसुरीपणा दिसतो. पण रोज पुजणाऱ्याला मूर्तीच्या पाषाणावरील प्रत्येक रेघ ठाऊक असते. सणाच्या दिवशी गर्दीत दर्शन घेणाऱ्यास ती दिसणे शक्य नाही. नित्यत्व ही कंटाळ्याची जननी आहे, तशी ओळखीचीही. कोणती कन्या पदरी घ्यावयाची, हे पाहणाऱ्याच्या मनावर अवलंबून आहे.

येथवर आमचा पक्ष सोपा होता. आता खरा आक्षेप येतो, आणि तो कोणा शास्त्र्याचा नव्हे; तो खिडकीबाहेरचा आहे. ज्या शेताकडे पाहून आपण सुखावतो, त्या शेतात भर उन्हात भांगलण करणाऱ्या बाईला ते शेत सुंदर दिसते काय? तिच्या दृष्टीने तो देखावा नाही. ती मजुरी आहे, कर्ज आहे, पावसाची वाट आहे. आपण सावलीत बसून तिच्या कष्टांची शोभा पाहतो. मग वर सांगितलेले ते ‘न खाता पाहणे’ म्हणजे वैराग्य, की नुसती बेपर्वाई? दुसऱ्या पक्ष्याच्या नावाखाली आपण केवळ बघे तर होत नाही ना?

या आक्षेपाला आमच्याच लोहमार्गाच्या इतिहासात धार चढते. हा मार्ग कोणाला सृष्टिसौंदर्य दिसावे म्हणून घातला गेला नाही. १८७६ ते १८७८ या वर्षांत दक्षिणेत जो भीषण दुष्काळ पडला, त्यात धारवाड, त्या वेळचा कलादगी आणि बळ्ळारी हे जिल्हे होरपळून गेले. आज जेथे शाळू डोलतो त्या काळ्या रानात तेव्हा धूळ उडत होती. रेल्वे नसल्यामुळे या मुलुखात बाहेरून धान्य आणणे दुर्घट होते. बैल चाऱ्यावाचून मरत होते, मग गाड्या ओढणार कोण? या अनुभवानंतर दुष्काळी भागास धान्य पोहोचावे या हेतूने येथे रेल्वेमार्ग घालण्याचे ठरले. १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि त्याच दशकात हुबळी-धारवाडास गाडी आली. तथापि लोखंडाला दया नसते, हेही त्याच दुष्काळाने दाखविले होते. जेथे रेल्वे आधीच पोहोचली होती, तेथे ती धान्य आणीत असे, तशीच अधिक भाव देणाऱ्या पेठेकडे ते नेतही असे. रूळ दोन्ही दिशांनी जातात. त्यांचा उपयोग करुणेने करावयाचा की लोभाने, हे माणसानेच ठरवावे लागते.

तात्पर्य, ज्या खिडकीत आपण बसतो ती खिडकी उपासमारीची आठवण घेऊन धावते आहे. हे एकदा कळल्यावर केवळ ‘किती सुंदर!’ एवढे म्हणून पाठ टेकता येत नाही.

मग काय करावे? खिडकी लावून घ्यावी? तसे केल्याने बाहेरच्या बाईचे ऊन कमी होत नाही. आमच्या मते उत्तर ‘साक्षी’ या शब्दातच आहे, आणि ते आपण अर्धेच वाचतो. पाणिनीने हा शब्द ‘साक्षात्’पासून साधला आहे, ज्याने प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले तो साक्षी. वेदान्तात साक्षी अलिप्त असतो, हे खरे. पण व्यवहारात साक्षीदारास अलिप्त राहण्याची मुभा नाही. पंचांपुढे बोलावणे आले की त्याला उभे राहावे लागते, आणि जे पाहिले ते जसेच्या तसे सांगावे लागते. न सांगितले तर तो दोषी ठरतो. बघ्याचे तसे नाही. बघ्या गर्दीत उभा राहतो, मजा संपली की निघून जातो. त्याला कोणी बोलवीत नाही आणि तोही कोणाचे देणे मानीत नाही. दोघांचे डोळे सारखेच, पाहणेही सारखेच. भेद पाहिल्यानंतरचा आहे. साक्षीला स्वतःसाठी काही नको असते, म्हणून तो अलिप्त. आणि पाहिलेले तो टाकून देत नाही, म्हणून तो बांधील. हे दोन्ही गुण एकाच शब्दात नांदतात, यात विरोध नाही. किंबहुना ज्याला स्वतःसाठी काही घ्यावयाचे नाही, त्याचीच साक्ष ग्राह्य धरतात.

अशा साक्षीचे एक थोर उदाहरण आपल्याच परिसरातले आहे. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे १८९६ साली धारवाडात जन्मले. घरची भाषा मराठी. परंतु त्यांनी काव्य केले ते कन्नडात, आणि १९७३ चे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांना लाभले. धारवाडातील साधनकेरी हे त्यांचे राहण्याचे ठिकाण. तेथला तलाव, तेथला पाऊस आणि तेथली पाखरे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिली. त्यांपैकी कशावरही त्यांची मालकी नव्हती. पण जे पाहिले त्याची साक्ष त्यांनी अशी दिली की, साधनकेरी हे नाव सबंध कर्नाटकास ठाऊक झाले. प्रत्येकास कवी होता येत नाही, हे उघड आहे. परंतु साक्ष देण्याचे काव्यावाचूनही अनेक मार्ग आहेत.

आपण पाहणारे आहोत तसे पाहिले जाणारेही आहोत, हे एकदा ध्यानात आणावे. २७ जून २०२३ रोजी धारवाड ते बेंगळूरु अशी वंदे भारत गाडी सुरू झाली. तिच्या खिडक्या बंद काचेच्या. ती उणकलास थांबत नाही. त्या काचेआडच्या प्रवाशाला आमचे गाव म्हणजे क्षणभर सरकणारा एक देखावा आहे. येथे चंद्रमौळेश्वराचे चालुक्यकालीन देवालय आहे. सुमारे ९०० वर्षांचे, चारही दिशांना द्वारे असलेले. येथे मोठा तलाव आहे, त्यात स्वामी विवेकानंदांचा पुतळा आहे, आणि त्याच तलावावर जलपर्णीचे थर माजले होते, याचे दुःखही येथे आहे. घरांच्या दाटीतले ते देवालय धावत्या प्रवाशाच्या ध्यानात यावे तरी कसे? त्याने आमच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे केले, तर आम्हांस वाईट वाटते. मग तेच माप आपण नवलूरच्या बागवानास आणि अमरगोळच्या मजुरास लावले पाहिजे. आपल्याला जसे पाहिले जावे असे वाटते, तसे आपण पाहावे. नीतीचा हा जुना नियम खिडकीलाही लागू आहे.

त्याचे आचरण फार अवघड नाही. ज्या शिवाराने आपल्याला सुख दिले, त्यात खिडकीतून चहाचा पेला किंवा प्लॅस्टिकची पिशवी फेकू नये. पुष्कळांचे पाहणे एवढ्यावरच बघेपणाचे ठरते. ज्या पिकाकडे रोज पाहतो, त्याचे नाव तरी माहीत करून घ्यावे; ओळखीशिवाय आस्था उपजत नाही. टोपली घेऊन चढलेल्या बाईला बसावयास जागा द्यावी, कारण सकाळी खिडकीतून जिचे शेत पाहिले ती बहुधा हीच असते. बाजारात तिच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना ते ऊन आठवावे. विहीर आटलेली दिसली, ओढ्याचे पाणी काळे झालेले दिसले, तर घरी चार माणसांत बोलावे, आणि जेथे अर्ज करावयाचा तेथे अर्ज करावा. ही साक्षच होय. आणि मुलांना बाहेर पाहू द्यावे. आज गाडीत बसल्याबरोबर लहानथोर सर्वांच्या माना मोबाइलवर वाकतात. मोबाइल वाईट, असे आम्ही म्हणत नाही. पण त्यात जे दिसते ते आपल्या आवडीनुसार निवडलेले असते. खिडकी आपली आवड विचारीत नाही. ती बागही दाखविते आणि उकिरडाही. लग्नाचा मांडवही आणि स्मशानातला धूरही. न निवडलेले पाहण्याची सवय ज्याला नाही, तो उद्या दुसऱ्याचे दुःख समोर आले तरी बोटाने पुढे सरकविण्यास शिकेल, अशी भीती वाटते.

देवळात आपण ‘दर्शन’ घेतो, त्याचाही विचार येथे उपयोगी पडेल. आषाढीला पंढरपुरात तासन्‌तास रांगेत उभे राहिल्यावर विठ्ठलाचे दर्शन क्षणभराचे होते. मागून रेटा येतो आणि पुढे सरावे लागते. तेवढ्याने कोणी असे म्हणत नाही की, दर्शन घडलेच नाही. क्षण लहान असतो, पण घरी परतलेला मनुष्य वर्षभर त्या क्षणाला जागतो. माळ सांभाळतो, व्रत पाळतो, खोटे बोलताना अडखळतो. दर्शनाची खरी कसोटी त्याच्या लांबीत नसून त्यानंतरच्या वागण्यात आहे. आणि आपली श्रद्धा अशी की, आपण देवाला पाहतो तेव्हा देवही आपल्याला पाहतो. शीगी हुण्णिमेला आपल्या शिवाराला देव मानून नैवेद्य शिंपडणाऱ्या शेतकऱ्यांची श्रद्धा याहून वेगळी नाही. त्यांच्या लेखी ती भूमी पाहते आहे.

म्हणून धावत्या गाडीतून सृष्टी पाहण्यात दोष आहे, असे आम्हांस वाटत नाही. दोष आहे तो पाहून कोरडे राहण्यात. सृष्टीने आपले रूप विनामूल्य दाखविले, मासिक पासाच्या रकमेत त्याचे पैसे धरलेले नव्हते. जे विनामूल्य मिळाले त्याचेच ऋण सर्वांत मोठे असते, कारण ते मागावयास कोणी येत नाही. ते आपण होऊनच फेडावे लागते. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरची मुले आजही या मार्गाने शिक्षणासाठी जातात. त्यांना सकाळी निघताना डबा भरून द्यावा, पुस्तके तपासून द्यावीत, आणि सायंकाळी ती परतल्यावर शाळेत काय झाले याबरोबरच, वाटेत काय पाहिले, हेही एकवार विचारावे. विचारणारा कोणी आहे हे ठाऊक असले, म्हणजे बघ्याचा साक्षी होऊ लागतो. इत्यलम्.